गुड्रूनला भूक लागेपर्यंत

२६ ऑक्टोबर, रविवार

वरच्या खोलीत साप आहे.

लिहून पाहिलं तरी खरं वाटत नाही. थंडी सुरू व्हायच्या आत रेडिएटरमधली हवा काढायची म्हणून वर्लिन किल्ली घेऊन आमच्या भाडेकरूच्या, लॉनीच्या खोलीत गेला, आणि असा धडधडत जिना उतरून आला की मला वाटलं आग लागली. जन्मभर बंदरात खनिजाच्या धक्क्यावर राबलेला माझा नवरा – पांढराफटक! "मार्लिस, या घरात एकतर ते राहील नाहीतर मी."

मी वर गेले. भिंतीला काचेची पेटी. तिच्यावर दिवा, आपोआप पेटणारा आणि विझणारा. पाण्याच्या वाडग्यात तळाशी थोडंसं हिरवं पाणी. कोपऱ्यात जुना पट्टा टाकलाय असं वाटलं. मग पट्ट्याने जीभ बाहेर काढली.

कातडी सैल, सुरकुतलेली. कणा असा वर आलेला की बोटाने मणके मोजावेत. डोळे आत गेलेले. मला सापांतलं काही कळत नाही, पण उपाशी जीव कळतो. शाळेच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं. शुक्रवारच्या जेवणानंतर कुठल्या पोराने थेट सोमवारीच तोंड हलवलंय, हे मी रांगेत उभ्या उभ्या ओळखायचे.

लॉनी साल्मेला जुलैत बॅग खांद्याला मारून बोटीवर गेला तो गेलाच. बोटीवरची माणसं अशीच. सरोवरावरचा बर्फ सुटला की जातात, बर्फ धरला की उगवतात, मधे डुलुथमध्ये त्यांची चौकशी कोणी करत नाही. भाडं त्याच्या बँकेतून आपोआप येतं, म्हणून मीही वर डोकावले नाही. पण मागे जिवंत प्राणी ठेवून जायचं? तेही मला न सांगता? खोली देताना याच टेबलाशी कॉफी पाजून स्पष्ट सांगितलं होतं – घरात प्राणी नको.

येऊ दे जानेवारीत. ठेवते का बघ त्याला.


२७ ऑक्टोबर

सापाला डॉक्टरकडे न्यायचं कशातून? शेवटी चर्चच्या जेवणाला ओव्हनमधली हॉटडिश न्यायची माझी जाड अस्तराची पिशवी काढली. गरम भांडं चर्चपर्यंत गरम राहतं, तर साप का नाही राहणार? वर्लिन म्हणाला, "यापुढे त्या पिशवीतून आलेलं मी काही खाणार नाही."

डॉक्टरीण शाँग म्हणून आहे. लाओसकडच्या हमाँग लोकांतली पोरगी, बारीक चणीची, हात मात्र ठाम. तिने सापाला अंगठ्याने सबंध चाचपलं. म्हणाली, बॉल पायथन, अजगराची जात. विषारी नाही. घाबरली की चेंडूसारखी गोळा होते. मादी आहे. एवढ्या लांबीला जेवढं वजन हवं त्याच्या निम्मंही नाही.

"वाचेल?"

"आज सांगता येत नाही, मिसेस हॉगन. आधी पाणी, मग ऊब, मग अन्न. हा क्रम चुकवलात तर नक्की मरेल."

"मग आज खायला काय घालू?"

"आज काही नाही. आठवडाभर काही नाही."

काही नाही! हाडांचा सापळा समोर पडलाय आणि हिचं म्हणणं, काही घालू नका. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात तिला नापास केलं.


२९ ऑक्टोबर

केकच्या मोठ्या टिनमध्ये कोमट पाणी भरून तिला बसवलं. आधी नुसती पडून राहिली. मग डोकं पाण्यात टेकवलं आणि गळा हलायला लागला. किती वेळ प्यायली! मी शेजारी गुडघे टेकून बसले होते, उठताना पायाला मुंग्या.

नाव गुड्रून ठेवलं. माझी आत्या. तिलाही ताटातलं ढकलायची सवय होती.


१ नोव्हेंबर

लॉनीची खोली आवरली. पलंगाशी लहानसा वजनकाटा सापडला, ग्रॅममध्ये मोजणारा. वर्लिनने भुवया उंचावल्या. "असले काटे कोण ठेवतं, माहीत आहे ना?" माहीत आहे. नशेच्या पुड्या विकणारे ठेवतात, पोलिस येऊन नेतात ते. म्हणजे तेही! आणि त्याच्या फ्रीजरमध्ये डबाभर गोठवलेली उंदराची पिल्लं – अगदी करंगळीएवढी. एवढ्या लांब सापाला एवढीशी पिल्लं? कंजूस मेला.

काटा जप्त केला. गुड्रूनचं वजन त्यावरच करते. डबा आमच्या फ्रीजरमध्ये हलवला.


४ नोव्हेंबर

आज परवानगी मिळाली. एक पिल्लू, कोमट पाण्यात गरम केलेलं, लांब चिमट्याने समोर धरलं. गुड्रूनने तोंड फिरवलं. मी थांबले. परत धरलं. परत फिरवलं. शाळेत मी हेच करायचे – ताटापुढे उभी राहायचे, पोर शेवटचा घास गिळेपर्यंत हलायची नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिले. पोरं या नजरेपुढे पालकाची भाजीसुद्धा खायची. गुड्रून मात्र गोळा होऊन बसली.

शाँगला फोन केला.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"समोरच. आणखी कुठे असणार?"

मग म्हणाली, "समोर पिल्लू ठेवा, दिवा घालवा, पेटीवर टॉवेल टाका, आणि जा."

"जा म्हणजे?"

"खाली जा. कॉफी प्या. तिला एकटीला सोडा."


५ नोव्हेंबर

खाल्लं! टॉवेल उचलला, पिल्लू नाही. खाली अंथरलेला कागद उचलून पाहिला, वाडग्यामागे पाहिलं – नाही. पोटाशी हलकासा उंचवटा. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी चक्क रडले. वर्लिन खालून ओरडला, "मेली का?" मी म्हटलं, "जेवली!" थोड्या वेळाने खालून कॉफीचा वास आला.


११ नोव्हेंबर

पुन्हा एक पिल्लू. पुन्हा खाल्लं. छान, शांत खाते.


१२ नोव्हेंबर

हा प्रकार मला बघवत नाही. करंगळीएवढं पिल्लू, तेही आठवड्यातून एकदा! माझ्या टेबलावरून एकच वाढप घेऊन कोणी उठलेलं नाही. चर्चचा पाळक नाही, टपालवाला नाही, नाल्या साफ करणारा माणूसही नाही. दुसऱ्या वाढपाला पाहुणा 'नको' म्हणतो, तिसऱ्यांदा विचारलं की घेतो – ही रीत आहे.

दुकानातून दोन मोठे उंदीर आणले. चांगले भरलेले. दोन्ही ठेवले, टॉवेल टाकला, खाली आले. दोन्ही खाल्ले! आता धरेल बाळसं.


१४ नोव्हेंबर

सगळं उलटून टाकलं.

वास जिन्यात आला तेव्हाच कळलं. पेटीत बघवत नव्हतं. ती एका कडेला सरळ पडलेली, तोंड जरासं उघडं. उचलली तर हाताला काहीच जोर जाणवेना. मला वाटलं, संपलं.

शाँग क्लिनिक बंद करून घरी आली. सुई दिली, पाणी दिलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ओट्याशी उभी राहून नुसती म्हणाली, "उपाशी पोटाची अन्नाचीसुद्धा सवय मोडते. एकदम भरलं की अंगच ते बाहेर टाकतं. तुम्ही प्रेमानेच केलंत, हे मला माहीत आहे. पण तिच्या पोटाला ते माहीत नाही."

अति तिथे माती. दुसऱ्याला सांगत आयुष्य गेलं, आज माझ्यावर आली. आता दोन आठवडे काहीही नाही. फक्त पाणी आणि ऊब.

वर्लिनने उलटून पडलेले दोन्ही उंदीर कचऱ्यात टाकले आणि मला विचारलंही नाही.


१९ नोव्हेंबर

आहे.


२८ नोव्हेंबर

काल थँक्सगिव्हिंग. आर्डिस भोपळ्याचा गोड पाय भाजून घेऊन आली. शाळेत ओव्हनपाशी ती आणि वाढपाला मी, अशी आमची जोडी होती. सायीचं आइस्क्रीम काढायला तिने माझा फ्रीजर उघडला. मी 'थांब' म्हणेपर्यंत डबा तिच्या हातात.

"अगं मार्लिस, हे काय आहे?"

"पाहुणीचं जेवण."

आर्डिसने झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला, हात दोनदा धुतले आणि मग हसत सुटली. "तुझ्या हॉटडिशमध्ये काय असतं, हे मला आज कळलं." पुढच्या रविवारी सगळ्या चर्चला कळलेलं असणार.

पण खरी गोष्ट ही – कालच गुड्रूनला पुन्हा एक पिल्लू दिलं. लॉनीच्या डब्यातलं, करंगळीएवढं. शाँग म्हणाली, हाच आकार बरोबर. कंजुषाची पिल्लंच कामाला आली. घरात टर्की, सारण, गोड बटाटे, तीन तऱ्हेचे गोड पाय – आणि माझा जीव वर, त्या एका घासात. टॉवेल टाकला आणि खाली येऊन तोंड धुतलं.

आज सकाळी – खाल्लेलं, आणि आत राहिलेलं!


५ डिसेंबर

दुसरंही राहिलं. आज काचेशी येऊन माझ्याकडे बघत होती. म्हणजे माझ्याकडेच बघत होती असं मला म्हणायचंय.

लॉनीला काय सुनवायचं ते आता तोंडपाठ आहे. भांडी घासताना रोज म्हणते. सुरुवात अशी: "माणूस स्वतः उपाशी राहिला तर तोंड उघडून सांगू शकतो, लॉनी साल्मेला." मग मुक्या जिवाच्या तळतळाटाचं. मग वजनकाट्याचं, मोघम, पण त्याला कळेल असं. शेवटी – "तुझ्या आईने तुला असंच ठेवलं होतं का?"

वर्लिन टॉवेलने बश्या पुसत ऐकतो. आज म्हणाला, "तळतळाटाचं वाक्य काल जास्त चांगलं होतं."

"मग तूच बोल त्याच्याशी."

"मी कशाला? पोरगा दिसायला तरी सरळ होता. जाताना माझ्या बोटींच्या फोटोंपुढे उभा राहून एकेक नाव वाचलं त्याने."

फोटो बघितले की माणूस सरळ! वर्लिनचं असंच.


१० डिसेंबर

सरोवरावरून असं वादळ आलं की समोरचं घर दिसेना. सकाळी वीज गेली. दिवा गेला, पेटी गार पडायला लागली. शाँगचं पहिलंच वाक्य आठवलं, ऊब. पोटात अन्न आणि अंगाला गारठा म्हणजे परत तेच.

गॅस काडीने पेटवला, बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्या रजईत गुंडाळल्या. बाटल्या आधी फार गरम, मग लगेच गार. गुड्रूनला त्याच हॉटडिशच्या पिशवीत घालून खाली आणलं. माझेच हात बर्फ. वर्लिन खुर्चीत बसून बघत होता. मग त्याने कोटाची बटणं सोडली, शर्टाची वरची दोन सोडली.

"दे इकडे."

"काय?"

"ती दोरी दे. माझ्या अंगाची भट्टी आहे, तूच म्हणतेस. चाळीस वर्षं मला पलंगाच्या कडेला ढकलते आहेस."

दिली. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. ती शर्टात शिरली, पोटावरून फिरली, कुठेतरी थांबली. वर्लिन लाकडासारखा.

"तिचं डोकं माझ्या काखेत आहे," पुटपुटला. "मी हललो तर चावेल?"

"झोपली असेल."

"मग हळू बोल ना."

दिवसभर तसाच बसला. सूप मी चमच्याने भरवलं. वीज आली तरी म्हणाला, पेटी नीट तापू दे, घाई काय आहे.


१३ डिसेंबर

वर्लिनने पेटीसाठी जाड लाकडाचं झाकण बनवलं. कडा पॉलिश केलेल्या. "ऊब वाया जाते," एवढंच म्हणाला.


२५ डिसेंबर

ख्रिसमस. लेफ्सा, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायला बसले तर वरून वर्लिनची हाक. पळतच गेले. गुड्रूनने कात टाकली होती – डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांपासून शेपटीपर्यंत एकसंध! आतून निघाली ती नवीनच कोणी, तपकिरी-सोनेरी, तकतकीत. कणा आता शोधावा लागतो. शाँगला फोटो पाठवला. तिने उलट लिहिलं, आजारी साप तुकड्यातुकड्यांत कात टाकतो, ही पास झाली.

कात टिश्यू पेपरात गुंडाळून ठेवलीय. कशासाठी ते माहीत नाही. वर्लिनच्या आणि माझ्या मधे ताटात लेफ्सा, लोणी, साखर. आम्ही दोघं बरंच जेवलो.


३ जानेवारी

ठरवलं. परत द्यायची नाही.

शाँगला विचारलं. म्हणाली, त्याने हक्क सांगितला तर भांडावं लागेल, पण तब्येतीबद्दल मी जे पाहिलं ते लिहून देईन. वर्लिन म्हणाला, "आधी त्याचं ऐकून तर घे." मी म्हटलं, काय ऐकायचंय? पेटी, दिवा, वाडग्यातलं हिरवं पाणी, सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आज मांडीवर अर्धा तास बसली. आधी गोळा, मग हळूहळू सुटली. डोकं माझ्या मनगटावर ठेवलं, आणि मी टीव्हीचा आवाज कमी केला. इतक्या वर्षांत इतकी स्वस्थ मी फार थोड्या वेळा बसलेय.


१७ जानेवारी

शेवटच्या बोटी आल्या. बोटींसाठी उचलल्या जाणाऱ्या पुलाचा भोंगा दोन दिवस वाजतो आहे – एक लांब, दोन आखूड, आणि बोटींचं तसंच उत्तर. गल्लीतले सगळे खलाशी परतले. लॉनी नाही. दारूच्या गुत्त्यात पडला असेल, कमाई उडवत. मी अ‍ॅप्रन बांधूनच वावरतेय, न जाणो कधी बेल वाजेल.


२२ जानेवारी

गुड्रून आता दर आठवड्याला मोठा उंदीर घेते. एक. तिने टॉवेलखालून दुसरा मागितला तरी नाही.


२५ जानेवारी, रविवार

लॉनी आला.

चर्चहून येऊन सूप चढवलं आणि बेल वाजली. पहिलं वाक्य जिभेवर घेऊनच दार उघडलं. काठीवर रेलून एक माणूस उभा. कोट दुसऱ्या कोणाचा वाटावा इतका सैल. टोपी काढली तर कपाळापासून कानामागे लांब व्रण, आणि गळ्याची हाडं वर आलेली.

एकेक शब्द शोधून बोलतो. पाच दिवसांची एकच फेरी होती, कोणाच्या तरी बदली. दुसऱ्याच दिवशी बोटीवरच्या शिडीवरून खाली पडला. किती महिने इस्पितळात होता, ते त्यालाही नीट सांगता येत नाही.

"बोलता यायला लागलं तेव्हापासून सांगतोय, वरच्या खोलीत साप आहे, उपाशी आहे. त्यांना वाटायचं मला भास होतात. गोळी देऊन झोपवायचे." मग खाली बघून म्हणाला, "वसंतात एका गॅरेजमधून आणली होती, मिसेस हॉगन. नुसती हाडं होती. रोज वजन करायचो. नुकती कुठे एक एक पिल्लू खायला लागली होती. तुम्हाला सांगायला हवं होतं. कुठे पुरलीत तिला?"

पाठ केलेल्यातलं एक वाक्य आठवेना. "बस," एवढंच म्हटलं.

वर्लिन जिना चढला, तिला आणायला. मी वाढायला मोठा वाडगा घेतला. परत ठेवला. लहान घेतला, अर्धाच भरला. लॉनीपुढे ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून नळ सोडला. चमचा वाजेपर्यंत मी वळून पाहिलं नाही.